आधी जेवणारं माणूस

निंबमेंढ्याला खैरुन एक मंगळवार सोडून एक मंगळवार यायची. सावलीहून सकाळची एस.टी., फाट्यावर उतरलं की दोन किलोमीटर पायी, डोक्यावर बांगड्यांची टोपली. शुक्रवार सुटीचा. बाकीच्या बारा दिवसांत बारा गावं, मग पुन्हा पहिलं गाव. सासूनं आखून दिलेली ही फेरी ती सत्तावीस वर्षं करत होती. नवरा वारला तेव्हा चार महिने फेरी बंद होती, तेवढाच खंड.

बारा गावांत निंबमेंढा सगळ्यांत खातंपितं. गावाच्या डोक्यावर जुना तलाव, तलावाखाली दोनशे एकर धान, उन्हाळी पीकही निघायचं. दोन हजार दोन साली गावात अकरा ट्रॅक्टर आणि तेवीस टेलिफोन होते. मातीची घरं उरली होती ती फक्त मागच्या गल्लीत. आमच्या गावात कोणी उपाशी झोपत नाही, असं गावकरी पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे ते मान्य करत.

खैरुन माणसं हातावरून ओळखायची. कोणत्या घरात कोणता आकार लागतो, ते तिला तोंडपाठ होतं. नव्या नवरीचा दोन-चार, दोन लेकरांच्या आईचा दोन-सहा, भरल्या अंगाच्या बाईचा दोन-आठ. वय वाढतं तसा हात वाढतो. बाळंतपणात, तापात थोडा उतरतो, पुन्हा भरतो. बांगडी चढवताना अंगठ्याखालचा मांसल भाग दाबावा लागतो. तो दाबला की बाईचं बरंच काही कळतं. कळलेलं बोलायचं मात्र नसतं. सासूनं दोन नियम घालून दिले होते. एका घरात पाहिलेलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. आणि सवाशिणीला तिचा हात उतरला असं तोंडावर कधी सांगायचं नाही, ते अशुभ. हात उतरलाच असेल तर दोष मालाला द्यायचा. यंदा माल मोठा निघाला बाई, म्हणायचं, आणि खालचा आकार काढायचा.

पारबताबाई गोहणे यांच्या बाबतीत खैरुननं हेच केलं. एकदा नाही, तीनदा.

पारबताबाई बापूराव पाटलांची बायको. वय पंचावन्नच्या आसपास. चौकातलं दुमजली सिमेंटचं घर त्यांचं, तीस एकर धान त्यांचं. तीन वर्षांपूर्वी बापूरावांनी सावलीच्या रस्त्यावर राईस मिल टाकली आणि मिलच्या मागं नवं घर बांधलं. नातवाची शाळा सावलीत, मुलाचा धंदा सावलीत, म्हणून मुलगा, सून, नातू आणि बापूराव तिकडे गेले. पारबताबाई इथे राहिल्या. घर बंद ठेवलं की ओल धरते, कोठीतल्या धानाला उंदीर लागतात, देवाजवळ दिवा लावायला कोणी हवं. त्यावर वाद झाला नाही. तसं ठरलं, एवढंच.

तेव्हा त्यांना दोन-आठ लागायची, आणि तीही साबण लावून. दोन हजार एकच्या संक्रांतीला दोन-आठ ढिली झाली. खैरुन म्हणाली, माल मोठा निघाला. त्या वर्षीच्या दिवाळीला दोन-सहा घातली, ती पुढच्या संक्रांतीपर्यंत कोपराकडे सरकू लागली. तेव्हाही खैरुन माल मोठा म्हणाली.

आता वसुबारसेच्या आधीचा मंगळवार होता. खैरुननं पारबताबाईंचा हात हातात घेतला, दोन-चारचा डझन सोडला आणि बांगड्या एकामागून एक साबणाशिवाय, दाबल्याशिवाय गेल्या. अंगठ्याखाली दाबायला काही नव्हतं. कातडी होती, कातडीखाली हाड होतं.

"यंदा पुन्हा माल मोठा दिसते," पारबताबाईच म्हणाल्या.

"हो ना बाई," खैरुन म्हणाली. "साचाच बदलवला त्यायनं."

ओसरीत त्या दोघी बसल्या असतानाच मास्तर आले. लटारू मास्तर गावच्या शाळेत होते आणि त्या महिन्यात दारिद्र्यरेषेच्या सर्व्हेचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. सोबत ग्रामसेवक. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, ज्याचे गुण कमी तो गरीब. मास्तर खुर्चीत बसले. पारबताबाई उठून दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या.

"घरात माणसं किती, बाई?"

"पाच."

"बाकीचे तं सावलीले राह्यतात ना."

"राह्यतात. पन घर तं हेच आहे."

मास्तरांनी पाच लिहिलं. जमीन, घर, कपडे हे प्रश्न विचारायची गरज नव्हती, नुसतं बघून गुण पडत गेले. चौथ्या प्रश्नावर मास्तर स्वतःच हसले. "वर्षभर दोन टाइमचं जेवन भेटते का?"

"काय विचारता मास्तर," ग्रामसेवक म्हणाला. "इथी कोठीत धान मावून नाई राह्यलं, अन् तुमी जेवनाचं विचारता."

"विचारा लागते बाबू. फारम आहे."

"दोन काऊन?" पारबताबाई म्हणाल्या. "चार टाइम."

तिघंही हसले. पारबताबाईंच्या हसण्याला आवाज होता, पण पदर तोंडावर धरायला वर नेलेल्या हातातल्या बांगड्या खळकन खाली येऊन कोपराला लागल्या. ते खैरुननं पाहिलं. मास्तरांनी चार गुण लिहिले आणि शेवटी बेरीज केली.

"बावन्नपैकी अठ्ठेचाळीस. पाटलीनबाई, गावातून पयला नंबर तुमचा."

"आमच्यात नंबर येतच असते," त्या म्हणाल्या. आत गेल्या, बऱ्याच वेळानं दोघांसाठी चहा घेऊन आल्या. खैरुनचा चहा नेहमीप्रमाणे ओसरीतल्या कोनाड्यातल्या कपात ओतला. तो कप तिच्यासाठीच ठेवलेला होता, सत्तावीस वर्षांपासून. त्याबद्दल दोघींपैकी कोणाच्या मनात काही नव्हतं.

त्या दिवशी खैरुन परतीच्या जीपमध्ये हिशेब करत राहिली, तो हाताचा. दोन वर्षांत दोन-आठवरून दोन-चार. ताप नाही, खोकला नाही, बाळंतपणाचं वय नाही. असा हात तिनं पूर्वी एकदाच पाहिला होता, नवऱ्यानं टाकलेल्या आणि माहेरानं न घेतलेल्या एका बाईचा. ती बाई उपाशी होती हे सगळ्या गावाला माहीत होतं. पारबताबाईंच्या कोठीत मात्र चाळीस पोती धान होतं.

पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पारबताबाईंचं दार आतून लावलेलं. दोन हाका मारल्या, उत्तर आलं नाही. दुपारची झोप असेल म्हणून ती मागच्या गल्लीत गेली. पाटलांच्या घरामागच्या सांदवाडीला लागून सुकरीचं घर होतं. मातीचं, दोन खोल्यांचं. सर्व्हेत सुकरीला अकरा गुण पडले होते आणि त्याबद्दल ती खूश होती.

"पाटलीनबाईचं दार बंद आहे," खैरुन म्हणाली. "बरं आहे ना?"

"मले काय मालूम?" सुकरी धानाचा भारा सोडत होती. "मी कुठी जातो तिच्या इथी?"

"भिंतीले भिंत आहे तुह्यी."

"भिंत आहे, दरवाजा नाई." सुकरीनं विळा बाजूला ठेवला. "बैल होते तवा शेन काढाले जात होती मी. बैल इकले, मंग काम खतम. पाटलाच्या घरी काम असल्याबिगर कोन जाते बाई? मांगच्या साली एकडाव आगपेटी मांगाले गेली होती. तं बाईनं बसवलं मले. काय चाल्लं, लेकरं काय करतात, धान कसं आहे. आगपेटी हातात धरून घंटाभर. माह्यी मजुरी बुडाली त्या दिवशी. मंग नाई गेली."

"गावातल्या बाया?"

"त्या काय जातीन? पाटील होते तवा त्याइले पाटलीनबाई नुसती मान हालवत होती. आता एकली आहे म्हनून हळदीकुंकाले बलावते, तं बाया जातात, वान घेतात, येतात. अन् तिले कोन जेवाले बलावंन? पाटलीनबाईले आपल्या घरी भात खा म्हनाव, म्हनजे तिले कमी लेखल्यासारखं होते."

"दिवाळीले आले होते का सारे?"

"आले ना, गाडी घेऊन. घंटा दीड घंटा. बाईनं दोन दिवस अनारसे तळले होते, इथपर्यंत वास. डबे भरून गाडीत ठेवले, निंगाले." सुकरी पुन्हा भाऱ्याकडे वळली. "तू काऊन पुसून राह्यली एवढं?"

"असंच," खैरुन म्हणाली. पहिला नियम तिनं तेवढा पाळला.

तोवर रमजान सुरू झाला होता. पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती सावलीतल्या मिलवर गेली. कणी घ्यायची होती, हे निमित्त खरंही होतं. बापूराव काट्याजवळ बसले होते. शरीर भरलेलं, आवाज मोठा. चार माणसं भोवती होती, पण ती जातील म्हणून थांबण्यात अर्थ नव्हता, मिलवर माणसं नेहमीच असत.

"पाटील, बाईची तब्येत पाहा जराशी," ती म्हणाली. "हात लय उतरला त्याइचा."

"हात उतरला म्हनजे?"

"बारीक झाल्या."

"अरे वा. अन् तुले काय तरास? बांगड्या लहान आनाव्या लागतात?" भोवतीची माणसं हसली. बापूराव स्वतः हसले नाहीत. विनोद करून गंभीर राहायची त्यांची पद्धत होती. "चाळीस पोते धान ठेवून आलो मी तिथी. डाळ, तेल, गूळ, महिन्याच्या महिन्याले जाते. फोन आहे. पंखा आहे. काय कमी आहे सांग."

"कमी काईच नाई भाऊ."

"मंग?"

खैरुननं कणीची रिकामी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी इतवारी जातो तवा पयले विचारतो, जेवली का? जेवली म्हनते. आता आनखी काय, तोंड उघडून पाहू?"

"तुमी तिथी जेवता का, भाऊ?"

"मी काऊन जेवू? मी जेवूनच जातो. एकल्या बाईले कशाले तरास द्याचा?"

बापूराव हे चांगुलपणानं म्हणाले. खैरुनला ते कळलं, म्हणूनच तिनं पुढं काही विचारलं नाही. कणी घेतली आणि घरी आली.

त्या संध्याकाळी घरात रोजा सोडताना तिनं एक गोष्ट पाहिली जी ती रोजच पाहत होती. मुलगा जुबेर, नातू, ती स्वतः, सगळे दस्तरखानावर बसले. सून रुखसार वाढत होती. "तू बी बस ना," खैरुन म्हणाली. "तुमचं होऊ द्या अम्मी," रुखसार म्हणाली. तिचाही रोजा होता. तिनं उभ्यानंच खजूर खाल्ला, पाणी प्याली आणि भजी तळायला परत गेली. सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात जे होतं ते घेऊन कोपऱ्यात बसली. खैरुननंही तीस वर्षं तसंच केलं होतं. पारबताबाईंनी अडतीस वर्षं. आधी सासरा, मग नवरा, मग दीर, मुलगा, गडी, मग सासू, आणि सगळ्यांत शेवटी आपण. कोणी हे शिकवत नाही, कोणी मोडतही नाही. आणि आधी जेवणारं घरात कोणीच उरलं नाही, तर?

खैरुन रिकामं ताट समोर ठेवून बसून राहिली. जुबेरनं विचारलं, "काय झालं अम्मी?" ती म्हणाली, "काई नाई."

सव्वीस नोव्हेंबरचा मंगळवार विसावा रोजा होता. खैरुननं गावातली बाकीची घरं आधी केली आणि दुपारी दोनला ती पारबताबाईंच्या ओसरीत टोपली उतरवून बसली. दार उघडं होतं. मळणीचा भुसा उडून अंगणात आला होता, तो झाडलेला नव्हता. पारबताबाई बाहेर आल्या तेव्हा भिंतीला हात लावून आल्या.

"बांगड्या तं नाई फुटल्या माह्या," त्या म्हणाल्या. "आज कायची आली?"

"बसा बाई. सांगाचं आहे एक."

त्या बसल्या. खैरुननं त्यांचा हात हातात घेतला, भरायला घ्यावा तसा.

"माल मोठा नव्हता," ती म्हणाली. "कधीच नव्हता. तुमचा हात उतरला. दोन साल झाले, मी खोटं सांगून राह्यली."

पारबताबाईंनी हात सोडवून घेतला नाही. बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"मले वाटलं, खरंच माल बदलला," त्या म्हणाल्या. "तू म्हनली म्हनून मी मनावर नाई घेतलं. आरशात पाहिलं का वाटे, बारीक दिसतो. मंग म्हनो, खैरुन तं म्हनते मालच मोठा आहे."

 चालीरीत म्हणून जे खैरुन बोलत आली होती, ते कोणीतरी खरं धरून चाललं होतं, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"आज जेवले का?" तिनं विचारलं.

"हो."

"काय खाल्लं?"

"चहा घेतला."

"काल?"

"काल..." पारबताबाई आठवू लागल्या. लपवत नव्हत्या, खरंच आठवत होत्या. "सकाळी टाकाव म्हनलं भात. तांदूळ बी निवडला. मंग वाटलं, कोनी येईन तवा टाकू. संध्याकाळी चहासंगं मुरमुरे खाल्ले. भूक नाई लागत मले आता."

"रोज असंच?"

"इतवारी टाकतो. ते येतात ना. पन ते जेवून येतात. मंग तो भात असाच राह्यते, सोमवारी गाईले टाकतो दुसऱ्याच्या." त्या थांबल्या. "माहित आहे मले, खाल्लं पाह्यजे. ताट वाढून बसतो कधी कधी. पन घास उचलत नाई. कोनी जेवलंच नाई अन् मी कशी जेवू? चोरी केल्यासारखं वाटते."

तळ्याकडच्या खळ्यावरून मळणी यंत्राचा आवाज येत होता. गावात त्या वेळी शंभर-दीडशे माणसं दुपारची शिदोरी खाऊन पुन्हा कामाला लागली होती.

"मले वाढा," खैरुन म्हणाली. "मी जेवतो इथी."

पारबताबाईंनी पटकन वर पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं. "तुह्या रोजा नाई का?"

"आहे. पन फिरतीवर असलं तं सूट असते. मंग भरून काढता येते."

"याच्या पयले कधी मोडला होता?"

"नाई. एक बी नाई."

"मंग माह्यासाठी मोडू नको." हे त्या पाटलीणबाईच्या आवाजात म्हणाल्या, जो खैरुननं तीन वर्षांत ऐकला नव्हता. "किती वाजता सुटते?"

"साडेपाचच्या जरासा आधी. दिवस बुडला का."

"थांबू मंग. थांबाची मले सवय आहे."

खैरुन हे सगळं येतानाच मोजून आली होती. सावलीला जाणारी शेवटची जीप पाच वाजता चौकातून सुटते. दिवस बुडतो त्यानंतर. रोजा इथे सोडायचा म्हणजे रात्र इथे काढायची, आणि या घरात कोणी मुसलमान माणूस कधी मुक्कामाला राहिलं नव्हतं. ते बोलून दाखवावं की नाही, याचा ती विचार करत होती तोवर पारबताबाई आत गेल्या होत्या. सुपाचा आवाज आला.

अडीच तास गेले. मधून मधून पारबताबाई दारात येऊन काही विचारून जात. लाखोळीची डाळ चालते का? चालते. वांगी आहेत, पण सुकट नाही. नको. तिखट किती? थोडं. तुमच्या लोकांत मिठाचं काय असते? मिठाचं तुमच्यासारखंच असते, बाई. यावर पारबताबाई हसल्या, आणि हसल्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण त्या लगेच आत गेल्या. एकदा त्या घाबऱ्या बाहेर आल्या. "भात लय झाला गं. पाच मानसाचा मापला. हातानं तेवढाच घेतला."

"राहू द्या. खाऊ."

पाच वाजता चौकात जीपचा हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. ड्रायव्हरला खैरुन माहीत होती, तो तिच्यासाठी मंगळवारी थांबायचा. तिसऱ्या हॉर्ननंतर जीप गेली. पारबताबाई आतून बाहेर आल्या नाहीत, पण आतलं भांड्यांचं वाजणं तेवढा वेळ थांबलं होतं.

घरात फोन होता. खैरुननं तो पहिल्यांदाच उचलला. आत जायला पारबताबाईंनीच सांगितलं, चप्पल तेवढी बाहेर. जुबेर सावलीत, आपल्या बांगड्यांच्या दुकानात होता.

"आज निंबमेंढ्यालेच राह्यतो," ती म्हणाली.

"काऊन? गाडी चुकली?"

"नाई चुकली. पाटलीनबाईच्या इथी जेवाले थांबली."

"जेवाले?" जुबेरला वाटलं आवाज नीट येत नाही. "अम्मी, उद्या बोथलीचा बाजार आहे. ईदचा माल आला, बाजार मी केला तं दुकानात रुखसार एकली राह्यते. उद्या येतेस ना?"

पारबताबाई दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"उद्याचं उद्या सांगतो," खैरुन म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवस बुडाला. खैरुननं ओसरीत पदर डोक्यावर घेऊन दुवा म्हटली, टोपलीतल्या कागदातून खजूर काढला, तांब्यातलं पाणी प्याली. पारबताबाईंनी ताट आणलं. पितळेचं, जड, घरच्या माणसांचं. खैरुननं ताटाकडे पाहिलं आणि काही न बोलता ओढून घेतलं. तिनं नमाज थोडी मागं ठेवली आणि जेवली. एरवी रोजा सोडताना तिला फार जात नसे. आज तिनं भात दोनदा मागितला, वरण दोनदा मागितलं. पारबताबाई वाकून वाढत होत्या, प्रत्येक वेळी कमरेवर हात ठेवून सरळ होत होत्या.

"झालं?"

"झालं. पोट भरलं. आता तुमी."

पारबताबाई आत गेल्या. त्या बाहेर बसून जेवल्या नसत्या, हे खैरुनला माहीत होतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, दिव्याच्या उजेडात त्यांची पाठ आणि उजवा कोपर तेवढा दिसत होता. कोपर हलला की एक घास. खैरुनला मोजायचं नव्हतं, पण आयुष्य डझनं मोजण्यात गेलेलं, नजर आपोआप मोजत होती. सात घास सलग गेले. मग थोडं थांबणं. मग तीन. मग पाणी. अकराव्या घासाला कोपर वर गेला, तसाच राहिला, आणि खाली आला.

खूप दिवसांनी खाणाऱ्याला एकदम जास्त जात नाही. हेही तिनं पाहिलेलं होतं. ती आत गेली नाही, खा म्हणाली नाही.

ताट धुऊन पारबताबाई बाहेर आल्या आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मधे टोपली होती. अंगणात गल्लीतल्या दिव्याचा उजेड पडला होता आणि मळणी यंत्र बंद झालं होतं.

"पहाटे बी खाता ना तुमी?" त्यांनी विचारलं. "उजाडायच्या पयले."

"हो. पाचच्या आत."

"मंग चारले उठतो मी. ताजा टाकतो. शिळा नको." त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "तू खाल्लं का मंग मी बी दोन घास खाईन. तितक्या सकाळी कोनी पाह्यत बी नाई."

खैरुननं टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

"रोजे किती राह्यले अजून?"

"नऊ. चांद नाई दिसला तं दहा."

"दहा," पारबताबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, वेगळ्या आवाजात: "उद्या तुह्या बोथलीचा बाजार आहे. आयकलं मी."

"आहे."

"ईदीले घरी जा लागते."

"जा लागते."

"मंग सुकरीले विचारून पाहाव म्हनतो," पारबताबाई म्हणाल्या. "पन ती नाई येनार. मागच्या वेळी मी लय बसवून घेतलं तिले. तिची मजुरी बुडाली." त्यांनी सुकरीच्या घराच्या बाजूला पाहिलं. तिकडे भिंतच होती. "आता बलावलं तं कशाले बलावून राह्यली, हे सांगा लागंन. पाटलीनबाई एकली जेवू शकत नाई, असं कसं सांगाचं?"

"मी सांगतो."

"तू नको सांगू." त्या एकदम म्हणाल्या. "बारा गावात जातेस तू. कोनाले नको सांगू."

"नाई सांगत."

पारबताबाई उठल्या. आतून चटई आणि घोंगडी आणून त्यांनी ओसरीत अंथरली, घोंगडीची कड नीट केली. दारापर्यंत गेल्या, पुन्हा वळल्या. खैरुन त्यांच्याकडे बघत नव्हती. ती टोपलीतले आकार लावत होती, उद्या बोथलीला जायचं असेल तर लागतील तसे.

"मंग मी तांदूळ किती काढू?" पारबताबाईंनी विचारलं. "एक दिवसाचा का दहा दिवसाचा?"

खैरुननं बांगड्यांची जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"उद्यापुरता काढा," ती म्हणाली.

पारबताबाईंनी मान हलवली आणि आत गेल्या. कोठीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग माप भरल्याचा, एक, दोन. दुसऱ्या मापानंतर त्या थांबल्या. तिसरं माप टाकावं की नाही हे ठरत नसावं, बराच वेळ आतून आवाज आला नाही, आणि मग झाकण लागलं.